पेट्रोल पाईप बदलताय? आधी मोजा, मग कापा

नोकरीसाठी मानेसरला आलात आणि मोटारसायकलही सोबत आणलीत, तर उन्हाळा लागण्याआधी टाकीखालचा पेट्रोल पाईप बोटांनी दाबून बघा. कडक लागला, टोकाला चिरा दिसल्या किंवा गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर तो बदलाच. पाईप वीतभर, पण माप चुकलं तर गळती आणि आगीचा धोका.

आधी गाडीचं साल बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे पाईपमध्ये साधारण ३ बार दाब असतो. हा पाईप कापायचा नाही, सांधायचा नाही, मीटरवरही विकत घ्यायचा नाही. दोन्ही टोकांच्या कनेक्टरसकट कंपनीचाच, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून घ्या. वॉरंटी चालू असेल तर पुस्तिका न्या आणि पैसे देण्याआधी विचारा.

गाडी कार्बोरेटरची असेल तर लांबी तुमच्या हातात आहे. जुना पाईप फेकू नका, नमुना म्हणून दुकानात न्या. तो नसेल तर टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरच्या नळीपर्यंत, पाईप जसा वळणार तशीच दोरी धरा. त्यात दोन्ही टोकांना नळीवर चढणारा दीड-दोन सेंटिमीटर भाग मिळवा. दोरी १८ सेंटिमीटर भरली, तर २२ लागतील. कापताना २ जास्त ठेवा, बसवून बघा, मग धारदार ब्लेडने सरळ छाटा.

आखूड पाईप गाडीच्या थरथरीने निसटतो आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं. लांब पाईप खाली झोळ धरतो, मुडपतो किंवा सिलिंडरला टेकतो. टाकीतून पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं, म्हणून पाईपची वाट सतत उतरती हवी. मध्ये चढ आला की हवा अडकते आणि गाडी चालता चालता बंद पडते. मग मेकॅनिक कार्बोरेटर साफ करण्याचे पैसे लावतो. मध्ये फिल्टर बसवणार असाल तर त्याची लांबी वजा करा. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे ठेवा.

आतला व्यास जुन्या पाईपइतकाच हवा. स्वस्त पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊ नका. उष्णतेने ती कडक होते. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणून इथेनॉलला टिकणारा पाईप मागा. जुन्या क्लिपा सैल असतील तर त्याही बदला.

खर्च? पाईप आणि दोन क्लिपा मिळून साधारण शंभर रुपयांच्या आसपास, रस्त्याकडेच्या मेकॅनिकची मजुरी ५० ते १००, काम अर्ध्या तासाचं. फिल्टरचे पैसे वेगळे. सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी जास्त पडते, म्हणून आधी अंदाजपत्रक घ्या. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर पुन्हा जीएसटी लावला तर देऊ नका. मजुरीवरचा जीएसटी मात्र वेगळा लागू शकतो. सुट्या भागाची आणि मजुरीची रक्कम बिलात वेगवेगळी मागा.

एवढ्यासाठी दिल्लीतल्या करोल बागेत जाऊ नका. तिथे सुटे भाग भरपूर मिळतात, पण जाण्यायेण्याचाच खर्च पाईपपेक्षा जास्त होतो, आणि सोमवारी बाजार बंद असतो. जुन्या मॉडेलचा भाग इथे मिळतच नसेल, तरच जा.

आरसी सोबत ठेवा. चासी क्रमांकावरून नेमका भाग सापडतो. गाडी जुनी असेल तर नोंदणीची तारीखही बघा. मानेसर एनसीआरमध्ये येतं आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर इथे निर्बंध आहेत. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी हरियाणात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल, तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते. मोठा खर्च करण्याआधी हे तपासा.

पाईप बसल्यावर इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि दोन्ही टोकांभोवती कोरडा कागद फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरवा. कागद ओला झाला तर गाडी सुरू करू नका; कॉक बंद करा आणि मेकॅनिकलाच गाडीकडे बोलवा.