हवामान, सजीव आणि आपले खारे पाणी

शाळेत अनुकूलन शिकताना वाळवंटातला उंट आणि ध्रुवावरचे अस्वल हमखास भेटतात. परंतु शेगावच्या मुलाने त्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढाच. उरलेले आठ महिने कसे काढायचे, हा इथल्या प्रत्येक सजीवापुढचा प्रश्न आहे.

पळस उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकतो, कारण पानांतून पाणी उडून जाते. बाभळीने पानेच बारीक ठेवली. तुरीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून पाऊस गेल्यावरही काळ्या मातीतल्या ओलीवर ती उभी राहते. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी. तिचे डबक्यात बसणे हा आळस नव्हे. बेडूक तर जमिनीत शिरून उन्हाळाभर निपचित राहतो व पहिल्या पावसाला वर येतो.

आपल्याला वंदनीय असलेला पिंपळही या बाबतीत पाहण्यासारखा आहे. भिंतीच्या फटीतसुद्धा तो रुजतो. बोधिवृक्षाची फांदी संघमित्रा थेरींनी श्रीलंकेत अनुराधपूरला नेली, असे महावंसात सांगितले आहे. तो प्रदेशही त्या बेटाचा कोरडा भाग आहे.

मात्र सर्वांत नवलाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवर. उल्कापाताने झालेल्या या विवरातले पाणी खारट व अतिशय अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण निघाले मिठात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी आटून क्षार वाढले, तसे ते वाढले. प्रखर उन्हापासून रक्षण करणारे त्यांचे रंगद्रव्य गुलाबी असते. पुढे पावसाचे पाणी मिसळले व रंग ओसरला. कारण असेल तर कार्य, कारण सरले की कार्यही सरते, हे धम्माच्या अभ्यासकाला नवे नाही.

आता एक गैरसमज. पळसाने ठरवून पाने टाकली नाहीत. ज्या झाडांत हा गुण होता ती तगली, त्यांची संतती वाढली. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेली ही नैसर्गिक निवड हजारो पिढ्यांची असते. म्हणूनच “गरिबाने परिस्थितीशी जुळवून घ्यावे, हाच निसर्गनियम” असे सांगणाऱ्यांचे विज्ञान कच्चे आहे. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना बंद होते, ते हवामानामुळे नव्हे.

आपला भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीच्या खाऱ्या पाण्याविषयी वडीलधारी मंडळी म्हणतात, “आमाले सवय झाली.” सवय जिभेला होते, मूत्रपिंडाला नाही. लोणारच्या सूक्ष्मजीवाची पेशी मिठासाठीच घडली आहे, आपली नाही. विज्ञान शाखेच्या मुलांनी आपल्या वस्तीतील विहिरी व बोअरच्या पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, आणि क्षार जास्त निघालेल्या ठिकाणी विहाराच्या छतावरील पावसाचे पाणी टाकीत साठवण्याचा विषय मंडळाच्या बैठकीत मांडावा.