ऑनलाइन सभा आणि आपले अपंग सभासद



कोरोनाच्या साथीत, २०२१ साली, राज्यातील अनेक सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन झाल्या. मंडपापर्यंत येणे ज्यांना जमत नाही त्यांना घरबसल्या सभेत बसण्याची वाट त्यामुळे दिसली. पण सभा नुसती पाहणे वेगळे आणि सभेत भाग घेणे वेगळे. ताळेबंदावर प्रश्न विचारता आला पाहिजे, ठरावाला हो की नाही ते सांगता आले पाहिजे. अंध, कर्णबधिर किंवा हाताने अधू सभासदाला हे जमावे अशा सोयी मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांची माहिती येथे देत आहोत.

प्रथम अंध सभासदांविषयी. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा 'टॉकबॅक' ही सोय असतेच. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी भागात ती चालू केली की ज्या बटणावर बोट जाईल त्याचे नाव फोन बोलतो. दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबले जाते. आयफोनमध्ये यालाच 'व्हॉइसओव्हर' म्हणतात. विंडोज संगणकासाठी 'एनव्हीडीए' फुकट मिळते. विंडोजवर झूममध्ये ऑल्ट आणि ए ही बटणे एकदम दाबली की आपला माइक चालू-बंद होतो, ऑल्ट आणि वाय दाबली की हात वर होतो. माऊस धरता येत नाही त्यांनाही हीच बटणे कामाची. साध्या फोनने सभेत येण्याची सोय ठेवली असेल, तर स्टार ९ दाबून हात वर करता येतो आणि स्टार ६ ने माइक चालू-बंद होतो.

आता खरी अडचण सांगतो. ताळेबंद स्क्रीनवर शेअर केला की तो समोरच्याकडे चित्र म्हणून पोचतो. चित्रातले आकडे टॉकबॅकला सहसा वाचता येत नाहीत. आणि बोलणारे म्हणतात, "आकडे समोर दिसतच आहेत, वेळ घालवत नाही." दिसणाऱ्याला दिसतात हो! तेव्हा मुख्य आकडे तोंडी वाचलेच पाहिजेत आणि अहवाल आधी पाठवला पाहिजे. तोही स्कॅन केलेला नको. छापखान्यात जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेली फाइलही चालत नाही. त्यात डोळ्यांना 'ऊस' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच इंग्रजी अक्षरे असतात, आणि तीच तो बडबडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र नीट वाचला जातो. छपाईचे काम देतानाच ही अट घालावी, जादा खर्च फारसा येत नाही.

चॅटमध्ये शे-दोनशे जणांनी 'नमस्कार' लिहिण्याची आपल्याकडे हौस आहे. यंत्र तो प्रत्येक नमस्कार मोठ्याने वाचते आणि त्यात अध्यक्षांचे भाषण बुडते. चॅट प्रश्नांपुरतेच ठेवलेले बरे.

कर्णबधिर सभासदांसाठी बोलणे अक्षरांत उमटवणारी कॅप्शनची सोय आहे. झूमने ती २०२१ पासून फुकट खात्यांनाही दिली. मात्र बोलण्याची भाषा नीट निवडावी लागते. यादीत मराठी नसताना इंग्रजी तशीच राहिली, तर काहीच्या बाही उमटते. अशा वेळी झूममध्ये एखाद्या माणसाला कॅप्शन टाइप करण्याचे काम नेमून देता येते. भराभर मराठी टाइप करणारा कारकून गट ऑफिसात सापडेल. खुणांची भाषा जाणणारे सभासद असतील तर दुभाषा बसवावा आणि त्याचे चित्र 'पिन' करून मोठे ठेवावे. बोलणाऱ्याने तोंडावर उजेड घ्यावा, म्हणजे ओठ दिसतात. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. एका वेळी एकानेच बोलावे, हे तर मंडपातल्या सभेलाही लागू आहे.

मतदानाची चौकट फोनवर उमटते तेव्हा टॉकबॅक लावलेल्याला ती सापडायला वेळ लागतो. म्हणून ठराव आधी वाचावा, चौकट निदान दोन मिनिटे उघडी ठेवावी, आणि ज्यांना ती जमली नाही त्यांचे मत नाव पुकारून तोंडी घ्यावे. सभेच्या दोन दिवस आधी अशा सभासदांना जोडून एकदा चाचणी घेतली, तर यातल्या बहुतेक अडचणी तेव्हाच कळतात.