गाडीवरील चिकटा कसा काढावा
आमच्या यवतमाळात वैशाखी पारा ४४ अंशांपर्यंतही चढतो. अशा उन्हात मुरलेला स्टिकर गाडीवरून ओढला असता कागद निघतो. चिकटा मात्र रंगास धरून राहतो. आम्ही एकदा घाईने त्यावर पाते चालविले. चिकटा गेला, परंतु ओरखडा कायमचा राहिला!

रंगावरील पारदर्शक थर सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, एवढाच असतो. यास्तव पाते वर्ज्य समजावे. थिनरही नको, तो चिकट्याबरोबर रंगासही बाधतो. चिकटा पाण्यात विरघळत नाही, तेलाने मात्र सैल पडतो.

प्रथम गाडी सावलीत थंड होऊ द्यावी व धूळ धुवावी. नाहीतर धुळीचे कणच रंग खरवडतात. चिकट्यावर कोमट पाण्याचा फडका धरावा. मग तो भाग कोरडा करून आपल्या कापसाच्या सरकीचे तेल लावावे व दहा मिनिटे थांबावे. मऊ कापडाने हलकेच पुसावे. न निघाल्यास पुन्हा तेल लावावे, जोर करू नये. शेवटी सौम्य साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा.

विद्यार्थिमित्रहो, वडिलांच्या गाडीस हात लावण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्या, आणि प्रयोग आधी कोपऱ्यात करून पाहा. धीराने जे साधते, ते बळाने बिघडते.