बादली, दोर आणि हतनूरचा वारा

मालवणला समुद्रात कयाक घालायची होती, म्हणून एप्रिलअखेर मी हतनूर धरणाच्या फुगवट्यात सराव करत होतो. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ सकाळी पाण्यावर सुरकुती नव्हती. अकरानंतर पश्चिमेचा वारा सुटला. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधला आपला पट्टा पश्चिमेकडे मोकळा आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यावरच. मला परतायचं होतं नेमकं त्याच्या तोंडावर. अर्ध्या तासात हात गळाले.

थोडा दम खावा म्हणून सोबतची बादली दोराला बांधून पाण्यात सोडली. कल्पना बरोबर होती: पाण्यातली बादली मागे ओढते, होडी वाहून जाण्याचा वेग कमी होतो. चूक केली ती गाठीत. हाताशी होती म्हणून बसायच्या जागेजवळच्या कडीला दोर बांधला. बादली भरताच कयाक वाऱ्याला आडवी झाली आणि दुसऱ्या लाटेला उलटली. दोराचा वेढा माझ्या घोट्याला बसला होता. एकीकडून बादली ओढत होती, दुसरीकडून वारा होडी ढकलत होता. लाईफ जॅकेटमुळे तोंड पाण्याबाहेर राहिलं. जाळी काढायला आलेल्या एका भोईदादांनी होडी जवळ घेतली आणि विळ्याने दोर कापला.

त्यानंतर मी खरा सी अँकर घेतला, म्हणजे जाड कापडाचा शंकू. त्याचा दोर होडीच्या नाकालाच हवा. म्हणजे तोंड वाऱ्याकडे राहतं आणि लाट पुढून येते. बसल्या जागेवरून नाकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून कडेने कप्प्यांवरून फिरणारा दोर बसवून घ्यावा. त्याने गाठ पुढे सरकवता येते. दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो आणि हिसका सोसतो. मी पंधरा मीटर वापरतो. आधी तोंड वाऱ्याला करायचं, मग दोर हळूहळू सोडायचा, पायाभोवती वेटोळं राहू न देता. शंकूच्या टोकाला दुसरी बारीक दोरी असते, ती ओढली की शंकू उलटतो आणि सहज वर येतो. चाकू छातीवर, एका हाताने निघेल असा.

ड्रोग वेगळा. तो लहान असतो, मागच्या टोकाला बांधतात. वारा पाठीशी असताना लाट कयाकला पुढे फेकते आणि आडवी पाडते. ड्रोग कयाकला आवरून धरतो, वल्हवणं चालू राहतं.

यातलं काहीही होडी थांबवत नाही, फक्त वाहणं मंदावतं. म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाला किती मोकळं पाणी आहे ते आधी बघावं. आपल्या धरणांत आणखी एक धोका आहे: बुडालेल्या बाभळी आणि मासेमारीची जाळी. शंकू तिथे अडकला तर नाक खाली ओढलं जातं. तेव्हा सोडवत बसू नये, कापावा. आणि हतनूरचे दरवाजे उघडे असताना पाण्यात उतरूच नये. पाण्याखालचा शंकू प्रवाहाचं ऐकतो, वाऱ्याचं नाही. वारा पूर्वेकडे ढकलत असला तरी शंकू होडीला दरवाजांकडे नेईल.

मालवणला मी त्या वर्षी गेलो नाही. कमरेएवढ्या पाण्यात, काठावर मित्राला उभं करून, डोळे मिटून दोर कापायचा सराव करत राहिलो.