विहिरीचें कर्ज आणि खावटीचें कर्ज

शेतकरी बंधूंस कर्ज या शब्दाची ओळख करून देण्याचें प्रयोजन नाहीं. आषाढांत कणगी रिती झाली म्हणजे एक मण भात खावटीस आणावें आणि सुगीस दिढीनें दीड मण मोजून द्यावें, हा व्यवहार आमच्या कोंकणपट्टींत पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. तोच शेतकरी विहिरीकरितां वा बैलजोडीकरितांही कर्ज काढी. परंतु दोहोंतील अंतर त्यास पक्कें ठाऊक असे. विहीर आपलें व्याज आपण फेडते. खाल्लेलें भात कांहीं फेडीत नाहीं. राष्ट्राचें कर्ज हें प्रकरण मोठमोठ्या आंकड्यांमुळें अगम्य वाटतें, पण त्याचीही परीक्षा हीच, असें आमचें मत आहे.

लोधिवलीकरांच्या उशाशींच याचा एक दाखला आहे. पाताळगंगेस भर उन्हाळ्यांत पाणी वाहतें तें खोपोलीच्या विजेच्या कारखान्यांतून सुटलेलें. मूळ कल्पना जमशेटजी टाटा यांची. ते १९०४ सालीं वारले; त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनीं १९१० सालीं कंपनी स्थापिली, तिचें भांडवल हिंदी भागीदारांकडून व संस्थानिकांकडून उभें केलें, आणि लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर अडविलेलें पावसाचें पाणी नळांनीं खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईस वीज दिली. एकदां घातलेला तो पैसा शंभर वर्षें उलटलीं तरी फळ देत आहे. तथापि या हिशेबांतला एक रकाना कोरा राहूं नये. टाटांच्याच मुळशीच्या धरणाखालीं ज्यांचीं भातखाचरें जावयाचीं होतीं त्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. धरण झालेंच. कमाऊ भांडवलाचाही भार कोणाच्या तरी खांद्यावर पडतो.

दोराबजींची खरी कसोटी १९२४ सालीं लागली. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी स्वस्त पोलाद बाजारांत उतरलें व जमशेदपूरच्या कारखान्यांत मजुरांच्या पगारासही पैसा पुरेना. तेव्हां त्यांनीं आपली खासगी मालमत्ता, पत्नीच्या जडजवाहिरासुद्धां, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपये उभे केले. कारखाना वांचला. त्याच वर्षीं सरकारनें पोलादास संरक्षक जकात दिली, तेव्हां एकट्याच्या त्यागानें सर्व झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याचें स्वतःचें कांहीं बुडण्याजोगें आहे असा पुढारी रुपया जपून खर्चितो.

देशाकरितां कर्ज काढणारा मंत्री आपल्या घरचें कांहींच तारण ठेवीत नाहीं. तेथें तारण असते ती प्रजा, आणि तींत अद्याप न जन्मलेलीं मुलेंही आलीं. १९९१ चा प्रसंग अनेकांस आठवत असेल. सरकारी तूट व परदेशी उसनवारी वर्षानुवर्षें वाढत गेली होती. मार्चअखेर बाहेरचें देणें सुमारें ८,३८० कोटी डॉलर झालें. आदल्या वर्षीं इराकनें कुवेत घेतल्यानें तेल महागलें होतें. जूनच्या सुमारास परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतें उरलें. मे महिन्यांत सरकारजवळील २० टन सोनें परत घेण्याच्या बोलीनें परदेशीं विकलें गेलें, व जुलैंत रिझर्व्ह बँकेनें सुमारें ४७ टन सोनें इंग्लंड व जपान येथील बँकांकडे ठेवून सुमारें ४० कोटी डॉलर मिळविले. हें गहाण त्याच वर्षीं सुटलें. परंतु दोराबजींच्या जवाहिरानें कारखाना राखला, येथें सोनें गेलें तें मागच्या खावटीची फेड चुकूं नये म्हणून.

ज्यानें दिढी भोगली त्यास परदेशी कर्जाचें मर्म लागलीच कळेल. रुपयाचें कर्ज रुपयांत फिटतें; अखेर सरकारास नोटा छापण्याची वाट असते, जरी महागाईचा चटका आपल्यालाच बसतो. डॉलरचें कर्ज म्हणजे दुसऱ्याच्या शेतांत पिकणाऱ्या धान्यांत फेड लिहून देणें होय. जूनअखेर सुमारें २१ रुपयांस पडणारा डॉलर जुलैच्या पहिल्या आठवड्यांत रुपयाचें मोल उतरवितांच सुमारें २६ रुपयांस पडूं लागला. नवा पैसा न घेतां रुपयांतलें ओझें जवळजवळ चौथ्या हिश्शानें वाढलें!

सुदैवानें सरकारचें बहुतेक कर्ज आतां देशांतलेंच आहे. म्हणून निश्चिंत राहावें असें मात्र नाहीं. अंदाजपत्रक प्रसिद्ध होतें तेव्हां त्यांतील दोन रकमा अवश्य शोधाव्या : एकंदर वित्तीय तूट, म्हणजे वर्षाचें नवें कर्ज, आणि महसुली तूट, म्हणजे त्यांतला खावटीचा भाग. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजांत पहिली १५.६९ लक्ष कोटी रुपये व दुसरी ५.२४ लक्ष कोटी होती. विहिरीसाठीं काढलेल्या तीन रुपयांतला एक रुपया कणगींत गेला. त्याच अंदाजांत ५०.६५ लक्ष कोटींच्या एकूण खर्चापैकीं १२.७६ लक्ष कोटी निव्वळ व्याजाचे होते, आणि मुद्दल त्याहून वेगळें.