कळा सुरू व्हायच्या आधी

निपाणी, आषाढ

चि. सौ. सोनू हिस,


आठवा संपत आला, ओटी भरून झाली, आणि आता ‘सामान काय काय भरू ते आत्याला विचार’ असं तू वहिनीला म्हणालीस म्हणे. सामानाचं शेवटी लिहिते, ते सोपं आहे. सरकारी नोकरीत असताना मी सीमेवरच्या गावांतून बाळंतपणं केली. झबलं नाही म्हणून कुणाचं अडलेलं मला आठवत नाही. अडतं ते ठरवलेलं नसतं म्हणून. इकडे पोरीला कळा येत असतात आणि तिकडे सोप्यात बैठक बसते: कोल्हापूर की बेळगाव, गाडी कुणाची, मामंजींना विचारलं का? ती बैठक आत्ताच घ्या आणि एकदाची संपवा.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कागलहून तू निपाणीला येणार. वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता, पण मध्ये दूधगंगा आहे, वेदगंगा आहे आणि राज्याची हद्द आहे. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. कोरोनात कोगनोळी नाक्यावर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पेटला तेव्हा एसटी थांबली. तुझे दिवस भरतात श्रावणात. म्हणून पावसाचा जोर वाढायच्या आधी इकडे ये, सासूबाई चार दिवस रुसल्या तरी चालेल. आल्यावर परत-परत कागलला जाणं-येणं नको.

आता दवाखाना. तुझी तपासणी कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे चालू आहे. म्हणून इथं कुणी तुला ओळखत नाही, असं होऊ देऊ नकोस. आल्याबरोबर आशाताईला गाठून नाव घाल आणि इकडचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड, काढायला सांग. तिकडची फाईल, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट सगळं घेऊन इथल्या डॉक्टरांना एकदा तरी दाखव. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तो दिवस धर. त्यांना सरळ विचार: इथं रात्री सिझेरियन होतं का, भूल देणारे डॉक्टर असतात का, रक्त लागलं तर कुठून येतं? उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं ठिकाण आजच ठरवायचं. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तिथं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. बेळगाव पंचाहत्तरेक, तिथं जिल्हा रुग्णालय आहे आणि केएलईचं रुग्णालय आहे. कोल्हापूरचा रस्ता पाण्याखाली असेल तर बेळगाव, हेही आधीच बोलून ठेवा. १०८ ला फोन करायचा तर लक्षात ठेव, आपल्याकडे मोबाईल कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. गाव, तालुका, राज्य तिन्ही सांगायचं. शिवाय शेजारची एक खासगी गाडी आणि चालकाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

रक्ताचं मी मुद्दाम लांबवून लिहिते. बाळ झाल्यावर अंगावरून जास्त जाणं हे आपल्या देशात बायका दगावण्याचं फार मोठं कारण आहे, आणि ते धडधाकट बाईलाही होतं. यावर जगाला कामाची गोष्ट आपल्याच जिल्ह्यानं दाखवली, हे तुला ठाऊक नसेल. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी खेड्यांतल्या १६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. बाळ झाल्याबरोबर निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, निम्म्या जणींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. देणाऱ्या कोण, तर उपकेंद्रातल्या नर्सबाई. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांत घेतली. आमच्या खात्यातल्या बायकांचं नाव कुठं झालं नाही, ते जाऊ दे. पण ही गोळी घरात आणून ठेवायची नाही. बाळ पोटात असताना घेतली तर जिवावर बेतते. तू फक्त हिमोग्लोबिन बघ. ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या चहा-दुधाबरोबर न घेता लिंबू-पाण्याबरोबर घे, आणि डॉक्टरांना इंजेक्शनचं विचार. घरातल्या दोन धडधाकट माणसांचे रक्तगट माहीत करून ठेव.

डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड सुजणं, वरच्या पोटात कळ, ताप, पाणी जाणं, रक्त दिसणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. ‘उपवासानं झालं असेल’ असं कुणीतरी म्हणणारच.

घरातल्या म्हाताऱ्यांचं सगळंच टाकू नकोस. आळिवाचे लाडू खा, तेल लावून घे. पण बाळाला मध चाटवायचा नाही, चीक टाकायचा नाही, पहिल्या तासातच पाजायचं. बंद खोलीत शेगडीचा धूर नको. आणि मिश्री! आपल्या निपाणीच्या घरांत तंबाखू म्हणजे लक्ष्मी, त्यामुळे आजीला काही वाटत नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली होती. तंबाखू, मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. दात दुखतोय म्हणूनही लावू नकोस, आणि जर्द्याच्या वखारीकडं फिरकू नकोस.

सामान: फाईल, दोन्हीकडची कार्डं, आधार, पासबुक, दोन सैल गाऊन, पॅड, आणि आजीची धुऊन मऊ झालेली सुती लुगडी फाडून, उन्हात वाळवून. बाळाआधी नवे कपडे आणू नयेत हा वहिनीचा हट्ट आहे, तर राहू दे.

बाळ जिथं जन्मेल तिथंच नोंद होते. २१ दिवसांच्या आत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो, म्हणून तुमच्या दोघांची नावं आधारवर आहेत तशीच उतरली का, ते सही करायच्या आधी बघा. इथं दाखल्यावर कन्नडही असतं, ते वाचता येणारं माणूस बरोबर न्या. बाळाचं नाव मागाहून घालता येतं, त्यासाठी अडून बसू नका.

रविवारी जावईबापू येणार आहेत ना? हे पत्र त्यांना वाचायला दे. दवाखाना, गाडी, रक्त आणि तू शुद्धीवर नसलीस तर सही कोण करणार, या चारही गोष्टी त्याच दिवशी ठरवा आणि मला रात्री फोन करा.

तुझी,
आत्या