पोटाची चरबी आणि साखरेचा इलाज : खरं किती, खोटं किती?



गेल्या वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन संपल्यावर वस्तीतल्या एका मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात गुळगुळीत कागदाची जाहिरात होती. 'पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी परत शरीरात सोडू, शुगर मुळापासून जाईल.' खर्च दोन लाख. मुलगा सोनं गहाण टाकायला निघाला होता. आता इलाज होणारच म्हणून मावशींनी पंधरा दिवसांपासून गोळ्याही बंद केल्या होत्या. "ताई, हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं.

नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. यामागे एक खरं विज्ञान आहे आणि त्याचं नाव घेऊन चालणारा एक खोटा धंदाही आहे. दोन्ही वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून आजचा हा धडा.

चरबीची पेशी काय काम करते?

चरबी म्हणजे नुसता तेलाचा डबा, असं पूर्वी डॉक्टरही समजत. 1994 मध्ये अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. लेप्टिन चरबीच्या पेशीत तयार होतं, रक्तात उतरतं आणि शरीरात साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. म्हणजे चरबीची पेशी साठा तर करतेच, शिवाय वस्तू बनवून रक्तात पाठवते. ती एक छोटा कारखाना आहे.

आता जनुक म्हणजे काय? कोणतं प्रथिन कसं बनवायचं याची पेशीजवळ लिहून ठेवलेली कृती म्हणजे जनुक. कृतीतच चूक असेल तर ते प्रथिन नीट बनत नाही आणि माणूस जन्मापासून आजार घेऊन येतो. पेशीला बरोबर कृती नेऊन देणं, याला जनुकोपचार म्हणतात.

या कामासाठी चरबीची पेशी सोयीची आहे. ती सुईने काढता येते. रुग्णाची स्वतःचीच असल्याने शरीर तिला परकी मानत नाही. ती बरीच वर्षं जगते. माणसाच्या शरीरात वर्षाला साधारण दहा टक्केच चरबीपेशी बदलतात. आणि रक्तात प्रथिन सोडायची तिला सवयच आहे.

जपानमध्ये काय झालं?

एलकॅट नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपलं यकृत बनवतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट बांधून वाहून नेण्यासाठी ते लागतं. काही मोजक्या घराण्यांत याची कृतीच बिघडलेली असते. मग डोळ्याच्या बुबुळावर धूसर थर चढतो, रक्त कमी होतं, लघवीतून प्रथिन जातं आणि शेवटी मूत्रपिंड निकामी होतं. मूत्रपिंड बदललं तरी आजार पुन्हा त्यावर येतो, कारण मूळ कमतरता तशीच राहते.

जपानच्या चिबा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णासाठी चरबीची पेशी वापरली. त्यांची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली वाटेल. रश्श्यावर तर्री तरंगते, तशी चरबीची पेशीही पाण्यावर तरंगते. म्हणून त्यांनी पेशी वाढवायची बाटली काठोकाठ भरली. पेशी वर तरंगल्या, बाटलीच्या छताला चिकटल्या आणि तिथे वाढू लागल्या. मग रोग पसरवण्याची ताकद काढून टाकलेल्या विषाणूच्या मदतीने त्या पेशींत एलकॅटची बरोबर कृती घातली आणि पेशी रुग्णाच्या चरबीत परत सोडल्या. माणसावरच्या या पहिल्या प्रयोगाचा अहवाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण होता एकच.

मग मधुमेहाचं काय?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात मायकेल चेक आणि सिल्व्हिया कोर्वेरा यांच्या गटाने माणसाच्या चरबीपेशींतलं एक जनुक क्रिस्पर या तंत्राने बंद केलं. त्यामुळे साठा करणारी पेशी साठा जाळून ऊब देणारी झाली. अशा पेशी उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांची साखर आटोक्यात राहायला मदत झाली आणि यकृतावरची चरबी कमी झाली. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. पण पुन्हा सांगते, उंदरांमध्ये.

आणखी एक फरक लक्षात घ्या. जपानच्या त्या आजारात एकच कृती चुकलेली असते. आपल्याकडे घरोघरी दिसणारा प्रकार 2 चा मधुमेह तसा नाही. त्यात अनेक जनुकं, वय, वजन, खाणं, झोप आणि कष्टाची तऱ्हा असं सगळं मिसळलेलं असतं. चरबी काढून तीच परत टोचली, तर कृती कुठे बदलली? त्या जाहिरातीत जनुकाचा उल्लेखही नव्हता.

पैसे देण्याआधी विचारा

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा इतर वापर फक्त मान्यताप्राप्त प्रयोगातच करता येतो. म्हणून चार प्रश्न विचारा.

1. हा प्रयोग आहे का? असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला त्याचा क्रमांक द्या. ही नोंदवही कुणालाही मोबाइलवर पाहता येते.
2. कोणत्या नैतिकता समितीने परवानगी दिली?
3. प्रयोग असेल तर पैसे कशाचे? प्रयोगातल्या उपचाराचा खर्च सहभागी माणसाने द्यायचा नसतो.
4. मराठीतलं संमतीपत्र कुठे आहे? इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार?

ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या दारातून उठून या.

तोवर आपल्या हातात काय?

गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. तीस वर्षांवरील प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा. रोज रात्री पावलं पाहा. मधुमेहात कधीकधी जखम झाली तरी दुखत नाही. वर्षातून एकदा डोळे तपासा.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. त्या दुखण्यात त्यांनी आपल्यासाठी केवढं काम केलं, हे आपण दर जयंतीला सांगतो. त्यांची लेकरं म्हणून आपण आपली तब्येत कुणा जाहिरातवाल्याच्या हाती देऊ नये. धम्म वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो : या आणि स्वतः पारखून पाहा. दवाखान्याच्या दारातही तेच करायचं.

मावशींच्या मुलाने त्या ठिकाणी फोन करून पहिलाच प्रश्न विचारला. पलीकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी मी मावशींना आरोग्य केंद्रात घेऊन गेले. साखर तीनशेच्या वर होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सोनं घरातच आहे.

तुमच्याकडे अशी जाहिरात आली तर फाडू नका. विहारात घेऊन या, सगळ्यांसमोर वाचू.